अंत्यसंस्कार सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन: वर्षभराचा अनुभव

अंत्यसंस्कार सेवा देणाऱ्या आमच्या संस्थेत बारा कर्मचारी आहेत आणि त्यांच्या पाळ्या लावण्याचे काम माझ्याकडे आहे. वर्षभरापूर्वी आम्ही त्यांच्यासाठी एका समुपदेशन संस्थेची सेवा घेतली. तिच्यात चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा, वैयक्तिक भेटी आणि गरज पडेल तेव्हा गटचर्चा यांचा समावेश होता.

दूरध्वनी सेवा जवळजवळ वाया गेली. मध्यरात्री मृतदेह आणून परतलेल्या माणसाने आपले काम काय असते हे आधी पलीकडच्या व्यक्तीला समजावून सांगावे, एवढे त्राण त्याच्यात उरलेले नसते. एका चालकाला ‘आपल्या घरी कोण वारले?’ असे विचारण्यात आले. ‘कोणी नाही’ असे सांगून त्याने फोन ठेवला आणि पुन्हा कधी केला नाही.

गटचर्चेबद्दलची तक्रार अधिक गंभीर आहे. एका लहान मुलाच्या अंत्यसंस्कारानंतर दुसऱ्याच दिवशी सर्वांना एकत्र बसवून, काय पाहिले ते एकेकाला सविस्तर सांगायला लावले गेले. आघातानंतर एकेकट्याला एकदाच बोलते करणाऱ्या सत्राने पुढचा त्रास टळतो याला पुरावा मिळत नाही, हे वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने दाखवून २० वर्षे उलटली आहेत. त्या मुलाला कपडे घालणारी आमची सहकारी तासभर आपल्या बाहीचे बटण लावत आणि काढत राहिली, पण बोलली नाही.

तरीही मी ही सेवा पूर्णपणे नाकारत नाही, आणि त्याचे कारण म्हणजे नंतर नेमलेल्या समुपदेशक बाई. आपल्या कार्यालयात बोलावण्याऐवजी त्या स्वतः आमच्याकडे आल्या आणि पूर्ण पाळी थांबल्या. मुलाच्या स्वेटरचे वरचे बटण काजात जात नव्हते, हे त्या सहकारीने त्यांना हात धुताधुता सांगितले. ‘दुःख आपले नाही, मग त्रास का व्हावा?’ हा आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेने मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांना कामात वारंवार येणारे अनुभवही आघाताच्या व्याख्येत धरले आहेत, असे त्यांनी सांगितल्यावर अनेकांचा संकोच कमी झाला.

माझे कानही त्यांनी सौम्यपणे उपटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’, म्हणजे कामाने पुरते खचून जाणे, हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम मानला आहे. म्हणून कोण खचले आहे हे विचारण्याआधी त्यांनी पाळ्यांचा तक्ता मागितला. सलग रात्रपाळ्या आणि अवजड मृतदेह दोघांनीच उचलण्याची आमची पद्धत त्यांच्या सांगण्यावरून बंद झाली. डोळे चुरचुरतात, डोके जड राहते या तक्रारी मी ताणाच्या खात्यात टाकत होते. त्यांनी मात्र मृतदेह तयार करण्याच्या खोलीतला हवा बाहेर टाकणारा पंखा चालतो का, असे विचारले. तो बंद होता. मृतदेह टिकवण्यासाठी वापरले जाणारे फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, असताना ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती.

करार वाढवताना दूरध्वनी सेवा आणि गटचर्चा आम्ही वगळली आहे आणि महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष भेट मागितली आहे. त्यांपैकी एक भेट रात्रपाळीत व्हावी, या मागणीला अद्याप होकार आलेला नाही.