पणजीचा फोटो आणि गालावरचा तीळ

घरातला जुना अल्बम स्कॅन करायला दिला होता. ४३ फोटो, बरेचसे घरच्यांचे, पाच-सहा त्या काळच्या नामवंतांचे. काम घेणाऱ्या बाईंनी आधी प्रत्येक फोटो उलटा करून पाहिला. मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा छाप, पेन्सिलीने लिहिलेली नावं असतात, म्हणून दोन्ही बाजू स्कॅन केल्या. मला सगळ्यात आवडलं ते हेच. साडेसहा बाय दहा सेंटिमीटरची छोटी कार्डं म्हणजे ‘कार्त द व्हिझिट’. पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने त्याचं पेटंट १८५४ मध्ये घेतलं, असं त्यांनी सांगितलं. थोरामोठ्यांची अशी कार्डं लोक विकत घेऊन घरच्यांच्या शेजारी लावत. आमच्या अल्बममधले ते अनोळखी दाढीवाले गृहस्थ कोण, याचं कोडं तिथे सुटलं!

पणजीच्या फोटोच्या कडांवर चंदेरी झाक चढली होती. ती फक्त स्कॅनमध्ये काढली, मूळ फोटोला हात लावला नाही. न सुधारलेल्या स्कॅनची टिफ (TIFF) फाइलही वेगळी दिली. आजोबांच्या गालावरचा तीळ मात्र डाग समजून पुसला गेला होता. सांगताच परत आणून दिला. रंग भरून घ्यायला मी नकार दिला. पणजीच्या कपड्यांचा रंग आज कुणालाच आठवत नाही, मग तो अंदाजाने कशाला भरायचा?