डिस्क मरायला टेकली असेल तर यूएसबी डॉक बरा की कॅबिनेटमधला हॉट-स्वॅप बे?

मी दोन्ही वापरलेत. आधी तीन-एक वर्षं यूएसबी डॉक (सुटी हार्ड डिस्क खोचून यूएसबीने जोडायचं स्टँड), आता डेस्कटॉपला पुढून बसवलेला ट्रेवाला साटा बे (डिस्क ट्रेमधून आत सरकवायचा खण; साटा म्हणजे डिस्क थेट मदरबोर्डला जोडायचं कनेक्शन). डिस्क धडधाकट असेल तर खरं सांगतो, फार फरक नाही. डॉक उलट सोयीचा, लॅपटॉपलाही चालतो आणि बायोसमध्ये जाऊन त्या पोर्टचं हॉट प्लग (मशीन चालू असताना डिस्क लावायची-काढायची सोय) चालू करत बसावं लागत नाही.

फरक कळतो तो डिस्क आजारी पडल्यावर. माझ्या ४ टीबीच्या डिस्कवर भाचीच्या लग्नाचे सगळे फोटो होते, कॉपी करताना मध्येच अडकायला लागली म्हणून डॉकमध्ये घालून लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा उतरवून घेणारा प्रोग्रॅम) लावलं आणि झोपलो, सकाळी बघतो तर डिस्क गायब. होतं काय, की बॅड सेक्टर (डिस्कवरचा खराब झालेला तुकडा) आला की डिस्क तोच तोच भाग वाचायला बघत बसते, आणि डॉकमधली चिप तेवढा दम धरत नाही, कनेक्शनच रीसेट करते. डॉक बंद-चालू केला की डिस्क परत दिसते, पण लिनक्समधलं तिचं नाव एसडीबीचं एसडीसी झालेलं असतं, म्हणजे कमांड बदलून परत सुरू करा. मॅप फाइल (काय वाचून झालं त्याची नोंद) ठेवली होती म्हणून आधीचं वाचलेलं वाया गेलं नाही, पण सलग तीन रात्री हेच! चौथ्या दिवशी तीच डिस्क बेमध्ये घातली. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या नोंदींत) एररची रांग लागली होती, कितीतरी वेळा लिंक रीसेट झाली, पण डिस्क जागेवरच राहिली आणि दोन दिवसांत मोजके फोटो सोडून सगळं निघालं.

सगळे डॉक असेच असतील असं माझं म्हणणं नाही, तुमचा चांगला निघूही शकतो. स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते) मात्र आधी तपासा, काही डॉक ते पुढे पाठवतच नाहीत. ५ (बदलून टाकलेले खराब सेक्टर) आणि १९७ (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर) नंबरचे आकडे वाढत असतील तर डिस्कच चाललीय, फक्त १९९ (डेटा ने-आण करताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल किंवा कनेक्टर. इथे बेची बाजू लंगडी आहे, कारण ट्रे सारखा आत-बाहेर करून मागचा कनेक्टर सैल होतो. माझा १९९ वाढत होता, केबल बदलून फरक पडला नाही, शेवटी दुसऱ्या खणात डिस्क घातली तेव्हा थांबला. तो आकडा परत शून्य होत नाही, त्यामुळे आज किती आणि उद्या किती एवढंच बघायचं.

आणि ट्रे काढताना घाई नको. अनमाउंट करून (डिस्क सिस्टीमपासून सोडवून) डिस्क थांबवायची कमांड दिली तरी १५-२० सेकंद थांबा, आत प्लॅटर (डिस्कची चकती) फिरत असेल तर उचलताना मनगटाला ओढ जाणवते, ती जाणवली की हात तिथेच थांबवा.

लॅपटॉपच असेल तर कुणाचा तरी जुना डेस्कटॉप दोन-चार दिवस मागून आणा आणि डिस्क थेट साटा केबलला लावा, बे नसला तरी चालेल. डॉकवर प्रयत्न करूच नका असं नाही, पण डिस्क एकदा गायब झाली की दुसऱ्यांदा डॉकला लावू नका.