विल्यम्स एफडब्ल्यू०८बी : एकही शर्यत न धावलेल्या सहाचाकी गाडीचे परीक्षण

सहा चाकांची फॉर्म्युला वन गाडी म्हटले की बहुतेकांना टिरेल संघाची पी३४ आठवते, कारण ती प्रत्यक्ष शर्यतींत धावली आणि १९७६ ची स्वीडिश ग्रां प्री तिने जिंकलीही. विल्यम्सच्या एफडब्ल्यू०८बीच्या वाट्याला एकही शर्यत आली नाही. तरीही या दोन गाड्यांपैकी अधिक विचारपूर्वक बांधलेली कोणती, असे विचारल्यास मी विल्यम्सच्या गाडीचेच नाव घेईन.

टिरेलने पुढच्या बाजूला दहा इंची चिमुकली चार चाके बसवली होती. त्या मापाचे टायर दुसरा कोणताही संघ वापरत नसल्यामुळे त्यांच्या सुधारणेकडे गुडइयरचे दुर्लक्ष होत गेले आणि पी३४ मागे पडली. विल्यम्सचे रचनाकार पॅट्रिक हेड यांच्या गाडीत हा धोका मुळातच नव्हता. तिची पुढची दोन चाके नेहमीचीच होती, आणि मागे एकामागे एक अशा दोन अ‍ॅक्सलवर (चाकांच्या आसांवर) बसवलेली चार चाकेही त्याच मापाची होती, म्हणजे टायर कंपनीकडे वेगळे काही मागण्याची गरजच उरली नव्हती. मार्च नावाच्या संघाने १९७६ मध्ये हीच मांडणी करून पाहिली होती, पण ती गाडीही ग्रां प्रीत उतरली नाही.

हा खटाटोप कशासाठी, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या काळाकडे पाहिल्यावर कळते. रेनो आणि फेरारीकडे अधिक ताकदीची टर्बो इंजिने होती, तर विल्यम्सची भिस्त तीन लिटरच्या, टर्बो नसलेल्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनावर होती. ताकद फारशी वाढवता येत नसेल तर हवेचा अवरोध कमी करणे एवढाच मार्ग राहतो, आणि त्या अवरोधातला मोठा वाटा मागच्या रुंद टायरांचा असे. या गाडीचा मागचा भाग नीट पाहावा. एरवी जिथे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जाडजूड रबराचे पिंप उभे असल्यासारखे दिसते, तिथे अरुंद चाकांची जोडी आहे, आणि त्यांच्या आतल्या बाजूने तळाचे हवेचे बोगदे थेट शेपटीपर्यंत गेलेले आहेत. गाडीला रस्त्याकडे खेचून धरणारा ग्राउंड इफेक्ट या लांब बोगद्यांमुळे वाढतो. चारही मागची चाके इंजिनाच्या जोरावर फिरत असल्याने वळणातून बाहेर पडतानाची पकडही वाढते, आणि पुढची चाके केवळ वळण्यासाठी मोकळी राहतात. एकाच बदलातून तीन फायदे काढणारी अशी मांडणी विरळाच.

दोषही लहान नाहीत. जादा अ‍ॅक्सल, दुसरा डिफरन्शिअल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) आणि त्यांचे शाफ्ट यांमुळे वजन वाढले, तेही नेमके मागच्या टोकाला. १९८२ मध्ये ब्रॅबम संघाने शर्यतीच्या मध्यावर थांबून इंधन भरण्याची आणि टायर बदलण्याची पद्धत पुन्हा आणली. तिथे सहा चाके बदलताना विल्यम्सच्या संघाची चांगलीच तारांबळ उडाली असती, असे मला वाटते.

आधीच्या एफडब्ल्यू०७वर बेतलेली सहाचाकी आवृत्ती संघाचे चालक अ‍ॅलन जोन्स यांनी १९८१ मध्ये डॉनिंग्टनला चालवून पाहिली, पण निवृत्तीचा बेत त्यांनी बदलला नाही. पुढे चालक जोनाथन पामर यांनी एफडब्ल्यू०८बीच्या चाचण्या घेतल्या. मोकळ्या ट्रॅकवरची चाचणी म्हणजे शर्यत नव्हे, त्यामुळे ही गाडी जिंकलीच असती असा दावा मी करणार नाही. १९८३ च्या नियमांनी गाडीला चारच चाके आणि त्यांपैकी दोनच चालित असावीत असे ठरवले, आणि विषय संपला. चाकांवरच्या बंदीबद्दल हळहळणारे एक गोष्ट विसरतात : त्याच नियमांनी गाडीचा तळ सपाट असण्याची सक्ती केली, म्हणजे बोगदेही गेले. सहा चाकांना परवानगी मिळाली असती तरी या रचनेचा निम्मा अर्थ उरला नसता.

तरीही श्रम पूर्णपणे वाया गेले असे म्हणता येत नाही. चारचाकी एफडब्ल्यू०८ इतकी आखूड ठेवली गेली ती मागे आणखी एक अ‍ॅक्सल जोडता यावा म्हणून, आणि त्याच आखूड गाडीतून विल्यम्सचे चालक केके रोझबर्ग यांनी १९८२ चे विश्वविजेतेपद मिळवले, तेही अख्ख्या मोसमात एकच शर्यत जिंकून.