फैजपूरकडचं धाब्याचं घर: भरितासाठी जा, पण धाबं बघून या

भरितासाठी जाणाऱ्यांना भरीत मिळेल, आणि चांगलंच मिळेल. पण जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरकडच्या या मळ्यातल्या घरी मी ज्याला त्याला पाठवते ते त्याच्या धाब्यासाठी, म्हणजे मातीच्या छतासाठी. आपल्या भागात जुनं घर जपलं म्हणतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी दरवाजा आणि चार खांब ठेवून वर स्लॅब टाकलेला असतो. इथे सागाच्या तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर किलचा म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, मग पाला आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर, असं अख्खं छत जागेवर आहे. मुख्य म्हणजे दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर खारी माती टाकतात.

ही खारी माती म्हणजे काळी कसदार माती नव्हे. पांढरट, खारवट, जिच्यात गवतही धड उगवत नाही अशी. पाणी पडलं की ती फुगते, दाटते, आणि पाणी खाली उतरू देत नाही. धाब्याला बेताचा उतार ठेवून ते पाणी पन्हळीतून बाहेर काढायचं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर असतो तेव्हा याच मातीमुळे खाली माजघरात बसवतं. मात्र एक वर्ष खार टाकायची राहिली की पुढच्या पावसात छत गळतं, आणि कड्या कुजायला वेळ लागत नाही. म्हणून घरात राबतं माणूस हवं. नुसतं कुलूप लावून धाब्याचं घर टिकत नाही.

घर लेवा पाटलांचं आहे. ही मंडळी मूळची गुजरातची. महमूद बेगड्याने 1484 मध्ये पावागढ जिंकला, त्यानंतर आपले पूर्वज तिथून निघून तापीकाठी आले, असं आमच्या घराघरांत सांगतात. माझ्या माहेरीही हेच ऐकत मोठी झाले. या घरात वंशावळ लिहून ठेवणाऱ्या भाटाच्या वहीतल्या वंशावळीची नक्कल काचेत लावली आहे. ओसरीवर बसून घरातले दादा सगळं समजावून सांगतात, आणि मला त्यांचं एक फार आवडलं. पावागढची गोष्ट ते घराण्याची म्हणून सांगतात, घराची म्हणून नाही. घर पाच पिढ्यांचं, असं ते स्वतःहून म्हणाले. पाहुण्यांना चारपाचशे वर्षं सांगून खूश करणं सोपं होतं. मग खळं कुठे होतं, मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं कुठे होतं, घराचा कोणता खण (दोन तुळयांमधली जागा) कोणत्या भावाच्या वाटणीला गेला, हे त्यांनी जागा दाखवून सांगितलं. फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातलंच सामान वापरून त्याची सजावट केली होती. दादांनी तो विषय काढला तेव्हा माझ्यासोबतच्या कॉलेजच्या मुलींनी मोबाइल खाली ठेवले.

एका तुळईचं टोक वाळवीने खाल्लं होतं. ती पूर्ण न बदलता खराब तेवढा भाग कापून, जुन्याच सागाचा तुकडा खाच पाडून जोडला आहे. सांधा बोटाने चाचपून बघितला, पक्का आहे. असं काम करणारा सुतार आज मिळणं कठीण, आणि त्याला पुरेसा वेळ देणारा मालक त्याहून कठीण.

आता जे खटकलं ते. मागच्या खोलीची मातीची भिंत सिमेंटने गिलावली आहे. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी हात लावला आणि म्हणाल्या, “ह्याले सिमिट कोनी फासली रे भाऊ? भीत खाऊन टाकीन ते.” त्यांचं खरं आहे. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटखाली ती ओल कोंडते. खालून फूटभर भिंतीला लोणा, म्हणजे ओलीने वर येणारा खार, धरायला लागलाच आहे. शिवाय पुढच्या दोन खांबांवर चकचकीत ऑइल पेंट दिलाय. सागाला जवसाचं तेल पुरे होतं. दादांनी वाद घातला नाही. गवंड्याने आग्रह केला म्हणाले, आणि दिवाळीनंतर गिलावा खरवडून माती-भुशाचा करणार आहेत. तो लवकर व्हावा, ही माझी कळकळीची विनंती.

जेवणाचं थोडक्यात. बामणोदकडची पांढरट हिरवी वांगी तूरकाठ्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात, मिक्सर नाही. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत पुरी किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, आणि कढी. ताट अडीचशे रुपयांना, वाढणं आग्रहाचं. कढी माझ्या चवीला गोड वाटली. भरीत थंडीतच, एरवी शेवभाजी असते, ती ठीक.

आदल्या दिवशी फोन करून जा. धाब्यावर चढायला मिळतं, पण एका वेळी चारच जण. जिना उभा आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर ओसरीवरच बसा.

अजून दोन खणांच्या कड्या त्यांना बदलायच्या आहेत, आणि नवीन साग तिथे चालत नाही. रावेर-यावल भागात कुणी जुनं घर उतरवत असेल, तर लाकूड व्यापाऱ्याला देण्याआधी यांना एकदा विचारा. रोख पैसे देतात आणि गाडीही स्वतःच आणतात.