छप्पर झकास, पण माळ्यावरच्या हवेचं काय?

नवीन छप्पर टाकून घेतलं त्याचा रिव्ह्यू. फिनिशिंग मस्त, गळती अजिबात नाही, कचरा पण उचलून नेला, तिथे तक्रार नाही. लोचा झाला व्हेंटिलेशनचा. आढ्यावर रिज व्हेंट (गरम हवा बाहेर जायची लांब फट) बसवला आणि म्हणे आता माळा गार राहील, अहो पण गरम हवा वरून जायची तर खालून वळचणीतून ताजी हवा आत यायला नको का? टॉर्च घेऊन वर चढलो तर वळचणीच्या जाळ्या इन्सुलेशनने पार बुजलेल्या आणि खिळ्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब लटकलेले. त्यात जुना टर्बो व्हेंटिलेटर (छपरावर वाऱ्याने गरगर फिरतो तो) पण तसाच ठेवलेला, म्हणजे तो शेजारच्या रिज व्हेंटमधूनच हवा ओढत बसणार आणि कोपऱ्यातली दमट हवा जागच्या जागी.

बरंच मागे लागल्यावर आले, जाळ्या मोकळ्या केल्या, वाशांच्या मध्ये बॅफल (इन्सुलेशन मागे रोखून हवेची वाट मोकळी ठेवणाऱ्या पट्ट्या) लावले, टर्बो काढून भोक बुजवलं. आता थेंब नाहीत, वरची खोली दुपारी भट्टी होत नाही.

काम देण्याआधी व्हेंटिलेशनचा हिशोब मागा: साधारण 300 चौरस फूट माळ्याला हवा ये-जा करायला 1 चौरस फूट मोकळी जागा, बाष्परोधक थर नसेल तर 150 ला 1, निम्मी खाली निम्मी वर. आणि जाळीचं बाहेरचं माप धरू नका, हवा जाते तेवढीच जागा मोजायची. बाथरूमचा एग्झॉस्ट माळ्यातच सोडलेला नाही ना तेही बघा.

छपराला पाचपैकी साडेचार, हवेच्या अकलेला दोन.