वर्षभर रेशनचं धान्य घेतल्यावर : काय सुरळीत चालतं, काय अडतं आणि कुणाला विचारायचं

रेशनच्या कामात एकदा काही अडलं की टोलवाटोलवी सुरू होते. दुकानदार म्हणतो, मशीनवर नाव दिसत नाही, रेशनिंग ऑफिसला जा. ऑफिसात सांगतात, आधारवरचं नाव जुळत नाही, ते आधी नीट करून आणा. आधार केंद्रातला मुलगा स्क्रीन बघून म्हणतो, आमच्याकडे तर सगळं बरोबर आहे. तोवर महिना संपत आलेला असतो. आमच्या घरच्या कार्डाची सगळी कामं आता वर्षभर मी बघते आहे. शेजारच्या दोन-तीन आज्यांचीही बघते, कारण त्यांच्या घरात फोनवर ओटीपी वाचणारं कुणी नाही. एवढ्या अनुभवातून मला कळलेली गोष्ट अशी : अडचण कार्डात आहे, आधारात आहे, मशीनमध्ये आहे की दुकानदारात आहे, हे आधी ओळखायचं. ते ओळखलं की निम्मे हेलपाटे वाचतात.

आम्ही पूर्व उपनगरातल्या डोंगरावरच्या वस्तीत राहतो. कार्ड सासूबाईंच्या नावावर आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख धरतात, म्हणून. कार्ड केशरी आहे आणि ते 'प्राधान्य कुटुंब' यादीत, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत आहे. यातला यादीचा भाग फार महत्त्वाचा. केशरी कार्ड हातात आहे म्हणजे धान्य मिळणारच, असं खूप जणांना वाटतं आणि दुकानात गेल्यावर ते हिरमुसून परत येतात. एक लाखापर्यंत वार्षिक उत्पन्न असलं तर केशरी कार्ड मिळतं, पण प्राधान्य यादीत यायला शहरात वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत असावं लागतं. महिन्याला पाच हजारसुद्धा झाले नाहीत. मुंबईत दोन घरची धुणीभांडी करणारी बाई या आकड्याच्या वर जाते, आणि तिच्या घरी धान्याची गरज नाही असं कुणी छातीठोकपणे सांगू शकेल का? ही मर्यादा बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं. कायदा आपल्या राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. तेव्हाची मुंबई आणि आजची मुंबई यांतली भाडी, गॅस, शाळेची फी डोळ्यांसमोर आणा.

मिळतं काय, ते थोडक्यात. अंत्योदय म्हणजे पिवळ्या कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, त्याआधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. मोफतची ही सोय जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी वाढवली आहे. गहू किती आणि तांदूळ किती हे प्रमाण अधूनमधून बदलतं, त्यामुळे शेजारणीला गेल्या वेळी काय मिळालं ते विचारून उपयोग नाही. मशीनमधून निघणाऱ्या पावतीवर बघायचं.

धान्याबद्दल माझी तक्रार कमी आहे. गहू स्वच्छ करून दळला की चपात्या मऊ होतात. तांदूळ रोजच्या भाताला ठीक, इडली-डोशाला उत्तम. त्यात मधेच थोडे वेगळे, पिवळसर दाणे दिसतात आणि पाण्यात टाकले की तरंगतात. आमच्या वस्तीत त्याला 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणतात आणि बायका तासभर बसून ते दाणे वेचून फेकतात. कृपा करून फेकू नका. तो लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला तांदूळ आहे, शंभर किलोला एक किलो या प्रमाणात मिसळलेला. तांदळाचंच पीठ करून, त्यात ही द्रव्यं घालून पुन्हा दाण्याचा आकार दिलेला असतो. आपल्याकडे बायका-मुलींच्या अंगात रक्त कमी असतं, त्यासाठीच तो दिलाय. ही एवढी साधी गोष्ट प्रत्येक दुकानाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे?

आता अंगठा. वर्षभरात सगळ्यात जास्त मनस्ताप यानेच दिला. सासूबाईंनी उभं आयुष्य लोकांच्या घरची भांडी घासली. साबण, राख आणि तारेच्या चोथ्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मागे रांग, आणि दुकानदार म्हणतो, "आजी, अंगठा नाही तर धान्य नाही." ज्या बाईने आयुष्यभर कष्ट केले, तिला त्या कष्टांच्या खुणांमुळेच धान्य नाकारलं जातं, हे मला आजही सहन होत नाही.

दुकानदाराचं ते म्हणणं चूक आहे, हे सगळ्यांना माहीत असायला हवं. आधार नाही किंवा बोटांचे ठसे जुळत नाहीत, एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारायचं नाही, असं केंद्र सरकारने राज्यांना २०१७ मध्येच लेखी कळवलेलं आहे. प्रत्यक्षात काय करायचं? पहिलं म्हणजे कुटुंबप्रमुखच यायला हवा असं नाही, कार्डावर नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो. आता आमच्याकडे मीच जाते. दुसरं, अंगठाच लागतो असंही नाही, आधारला दहाही बोटं दिलेली असतात. हात कोमट पाण्याने धुऊन, नीट कोरडे करून मधलं बोट किंवा अनामिका ठेवून बघा. आमच्या मजल्यावरच्या आजींचं डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या झटक्यात लागलं. तिसरं, नव्या मशीनला डोळ्यांची बुबुळं टिपणारा कॅमेरा आहे. तो वापरा असं आपण सांगावं लागतं, दुकानदार आपणहून काढत नाही. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीचाही पर्याय विचारा. आणि घरात एकटंच म्हातारं किंवा अंथरुणावर खिळलेलं माणूस असेल, तर त्यांच्या वतीने धान्य आणणारी व्यक्ती नेमून देता येते. त्यासाठी शिधावाटप अधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज करायचा.

अंगठ्याशीच जोडलेलं दुसरं प्रकरण म्हणजे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवून घेणं. कार्डावरच्या प्रत्येक माणसाची करावी लागते. फुकट असते, पैसे मागितले तर देऊ नका. आमच्या गल्लीत गावाकडचं कार्ड असलेली खूप माणसं आहेत, साताऱ्याची, रत्नागिरीची, बीडची. केवायसीसाठी गावी जावं लागेल म्हणून काहींनी रजा टाकली होती. गरज नव्हती. राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात ती होते. 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्याही होते, पण त्यासोबत आधारचं चेहरा ओळखणारं ॲप टाकावं लागतं आणि आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला लागतो. भिंतीकडे पाठ करून, तोंडावर उजेड येईल असं बसवून मी सासूबाईंची केवायसी याच ॲपवर केली आणि ती लगेच झाली. बोटं न लागणाऱ्या माणसांसाठी हे ॲप खरंच चांगलं आहे, त्याला माझ्याकडून पूर्ण गुण. मुलांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा : पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते दिलेले नसतील तर केवायसी अडते आणि दोष रेशनच्या माथी येतो.

धान्य बरेच महिने उचललंच नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होऊ शकतं, हेही या निमित्ताने सांगते. केंद्राच्या २०२५ च्या नव्या आदेशात सहा महिन्यांची मुदत आहे. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या, गावी लांब मुक्काम करणाऱ्या बायकांनी हे ध्यानात ठेवावं.

सगळ्यात आवडलेली सोय कुठली म्हणाल तर कुठल्याही दुकानातून धान्य घेता येणं. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांच्या ज्या दोन जोड्यांपासून झाली, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरात होती. मुंबईसारख्या शहराला तर ती हवीच होती. आमच्या खालच्या खोलीत उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब राहतं. नवरा इथे स्वतःच्या वाटचं धान्य घेतो, बायको-मुलं गावी त्यांच्या वाटचं घेतात, एकाच कार्डावर. आम्हीही आमच्या जुन्या दुकानाची कटकट झाली तेव्हा स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानात जायला लागलो. "तुमचं कार्ड आमच्याकडचं नाही" असं पहिल्यांदा ऐकायला मिळतं. कार्ड कुठलंही चालतं, असं शांतपणे सांगायचं. फक्त महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. महिनाअखेरीला माल संपत आलेला असतो आणि सर्व्हरही तेव्हाच मान टाकतो. 'मेरा राशन' ॲपवर आपल्या वाट्याला किती धान्य आहे, किती उचललं आणि जवळ कुठली दुकानं आहेत ते दिसतं. ठीकठाक ॲप आहे.

मदत मिळते का? मिळते, पण मागण्याची पद्धत आहे. १९६७ आणि १८००-२२-४९५० हे दोन मोफत क्रमांक आहेत. दुसऱ्या राज्याच्या कार्डावर इथे धान्य घेताना अडलं तर १४४४५. मी १९६७ वर फोन करते तो सकाळी, दुपारनंतर लागायला वेळ लागतो. आधी कागदावर लिहून घ्यायचं : कार्डाचा बारा अंकी क्रमांक, दुकानाचा क्रमांक (पाटीवर असतो), महिना, आणि दुकानदार नेमकं काय म्हणाला. "धान्य मिळत नाही" एवढंच सांगितलं तर "दुकानात चौकशी करा" एवढंच उत्तर येतं. "अमुक महिन्यात पावती पंचवीस किलोची निघाली आणि वजन वीस किलो भरलं" असं सांगितलं तर तक्रार नोंदवून घेतात. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक मागायचाच. आमच्या मजल्यावरच्या आजींना कमी वजन मिळालं होतं, तेव्हा मी असाच फोन केला. थोड्या दिवसांत शिधावाटप निरीक्षकांचा फोन आला, ते दुकानात येऊन गेले आणि आजींचं राहिलेलं धान्य मिळालं. त्या निरीक्षक बाई आजींशी इतक्या आदराने बोलल्या की वस्तीत त्यांचं अजून नाव निघतं.

त्यामुळे पावती सोडू नका. अंगठा लावल्यावर मशीन पावती काढतं आणि ती आपली असते. काही दुकानदार ती फाडून टाकतात, "कागद संपलाय" म्हणतात. मोबाईल नोंदवलेला असेल तर मेसेजही येतो, तो पुसू नका. दुकानदारांचीही बाजू मला दिसते. त्यांचं कमिशन क्विंटलला १५० रुपये होतं, २०२५ मध्ये ते १७० झालं. त्यात दुकानाचं भाडं, हमाली आणि मदतनीस बसवायचा म्हणजे ओढाताणच. पण ती ओढाताण आजींच्या पिशवीतून भरून काढायची नाही.

फोनवर काम झालं नाही तर 'आपले सरकार' पोर्टलवर लेखी तक्रार करता येते. त्यापुढे कायद्यातच जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. हक्काचं धान्य दिलंच नाही तर त्याबदली भत्ता देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. आमच्यावर तिथवर जायची वेळ आली नाही. ऑफिसबाहेर बसणाऱ्या एजंटांपासून मात्र दूर राहा. नाव वाढवणं, कमी करणं, पत्ता बदलणं हे अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतात, आणि सरकारी काम ठरलेल्या मुदतीत व्हावं यासाठीचा सेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, तेव्हा "कधी होईल?" असं विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

लग्न होऊन आलेल्या मुलींसाठी एक सूचना. एकच आधार दोन कार्डांवर चालत नाही, म्हणून माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आधी हातात घ्यावा लागतो, मगच सासरी नाव चढतं. माझं माहेर चिपळूणकडचं. भावाने तिथे अर्ज दिला आणि दाखल्याचा फोटो आधी पाठवला, मग मूळ कागद. लग्नानंतर आधारवर नाव बदलणार असाल तर ते आधी बदला, मग कार्डाचा अर्ज करा. उलटं केलं की दोन्हीकडे नावं वेगळी पडतात.

आता आमचं एक काम अजून अडलेलं आहे, आणि तशी हजारो घरं असतील. धाकटीचं नाव कार्डावर चढलं, ऑनलाइन दिसतंही. पण धान्य चौघांचंच येतं. ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "इष्टांक शिल्लक नाही." म्हणजे असं की राज्यात किती लोकांना धान्य द्यायचं ते ठरलेलं आहे, साधारण सात कोटी. शहरी भागात लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. हा हिशेब २०११ च्या जनगणनेवरचा आहे. जागा भरलेल्या, त्यामुळे कुणाचं नाव कमी झाल्याशिवाय नवं नाव धान्याला लागत नाही. २०११ नंतर मुंबईत जन्मलेली, लग्न होऊन आलेली, पोटासाठी आलेली माणसं त्या आकड्यात धरलेलीच नाहीत. इथे ना अंगठ्याचा दोष, ना दुकानदाराचा, ना आमच्या कागदांचा, आणि १९६७ वाल्यांच्या हातातही हे नाही. तरीही लेखी अर्ज देऊन पोच घ्या, कारण मयत आणि स्थलांतरित नावं कमी होतात तेव्हा जागा सुटतात आणि यादीत आपला अर्ज असावा लागतो. आमच्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला मी मशीनवरचा आकडा बघते. या महिन्यात तो वीस किलोच होता.