बी-२ की बी-६? गोळी ठरवण्याआधी आजाराचं नाव बघा

स्नायूंच्या आनुवंशिक चयापचय विकाराचं निदान झालं की घरात कोणीतरी हमखास म्हणतं, "व्हिटॅमिन सुरू करू या की, अपाय तर नाही ना?" याचं उत्तर दोन आजारांत दोन टोकांचं आहे.

'मॅड' (मल्टिपल ॲसिल-कोए डिहायड्रोजिनेज डेफिशियन्सी) या विकारात स्नायूंना चरबी नीट जाळता येत नाही. मोठ्या वयात उमटणाऱ्या प्रकारात दोष बहुधा ईटीएफडीएच या जनुकात असतो. मान धरवत नाही, जिना चढवत नाही. ताप आला किंवा उपाशी राहिलं की त्रास वाढतो. पॉलिमायोसायटिस (स्नायूंना सूज आणणारा आजार) समजून स्टिरॉइड चालू झालेले रुग्णही यात सापडतात. इथे बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, हे खरंखुरं औषध आहे. चरबी जाळायला लागणाऱ्या एन्झाइमचं जातं जागेवर आहे, फक्त खिळखिळं झालंय. बी-२ पासून शरीरात एफएडी हा मदतनीस रेणू बनतो आणि त्याच्या आधाराने ते डळमळीत एन्झाइम टिकून काम करू लागतं. डोस साधारण रोज १०० ते ४०० मिग्रॅ. निरोगी माणसाची रोजची गरज जेमतेम एक-दोन मिग्रॅ असते. म्हणून दुकानातल्या बी-कॉम्प्लेक्सवर भागत नाही. अनेकांना काही आठवड्यांत ठळक फरक पडतो. लघवी गडद पिवळी होते, तिला घाबरू नका. नवजात बाळांतल्या तीव्र प्रकारात मात्र हा गुण सहसा येत नाही. आणि गोळी लागू पडली तरी एकादशी-चतुर्थीचे कडक उपवास बंदच.

मॅकआर्डल आजाराची गोष्ट वेगळी. लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये वर्णिलेला हा विकार. यात स्नायूंतल्या ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा फोडणारं फॉस्फोरिलेज एन्झाइमच नसतं. शरीरातलं बरंचसं बी-६ एरवी याच एन्झाइमला चिकटून असतं, म्हणून बी-६ देऊन पाहावं ही कल्पना सुचली. सुचण्यासारखीच होती. पण इथे जातंच नाही, नुसता खुंटा आणून दळणार काय? ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. उलट मोठ्या डोसचं बी-६ दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. आधीच पाय दुखणाऱ्या माणसाला मुंग्या आणि बधिरपणाची भर कशाला? त्यापेक्षा व्यायामाच्या पाचेक मिनिटं आधी घेतलेलं ३७ ग्रॅम साखरेचं पाणी चाचण्यांत उपयोगी ठरलंय. अर्थात रोज दहा वेळा प्यायलात तर वजन वाढेल. पहिली सहा-आठ मिनिटं सावकाश चालत पाय हलके होण्याची वाट पाहणं, ही सवय तर फुकट आहे.

माझं मत विचाराल तर मॅकआर्डलमध्ये बी-६ वर पैसे घालू नका. मॅडची शंका असेल तर रक्त-लघवीचे नमुने आधी द्या आणि जनुक तपासणीचा अहवाल येईपर्यंत बी-२ अडवून ठेवायचं का, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.